आजोबांचा उजवा पाय

आमच्या लॉजच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला आहे. डोंगरावरच्या बर्फाची स्थिती रोज सकाळी त्याच्यावर लिहायची, हे काम एकेचाळीस वर्षं माझ्याकडे आहे. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिलं तर माणसं परत जातात. या दोहोंमधून वाट काढता काढता माझी भाषा फार सुधारली. ‘वसंतातला दाणेदार बर्फ’ म्हणजे सकाळी काच आणि दुपारी लापशी. ‘काही ठिकाणी जमीन दिसते’ म्हणजे काही ठिकाणी बर्फ दिसतो. ‘अनुभवी लोकांसाठी उत्तम’ असं लिहिलं की समजावं, मधला ओढा उघडा पडलाय आणि त्याच्यावरून उडी मारावी लागते.

यंदा एप्रिलच्या मध्यालाच माझे सगळे शब्द संपले.

मी लग्न होऊन या मिनासावा गावात आले तेव्हा हिवाळ्यात आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून घरात जायचो-यायचो. खालचा मजला बर्फात गाडलेला. चार महिने भरदिवसा दिवे लावून बसायचं आणि छतावरचा बर्फ उपसायचा. उपसून खाली टाकलेला बर्फ छताइतका उंच झाला की मग वर फेकायचा. सासूबाई फावड्यावर हनुवटी टेकून म्हणायच्या, ‘थोडा कमी पडला तर देवाचं काय जाईल?’ देवानं फार उशिरा ऐकलं, पण ऐकलं ते मनापासून. यंदा नवं वर्ष आठवड्यावर आलं तरी उतारावर वाळकं गवत डुलत होतं. सत्तावीस डिसेंबरला एकदाची स्कीवाल्यांना खुर्च्यांतून डोंगरावर नेणारी लिफ्ट सुरू झाली, आणि मार्च संपायच्या आत खालच्या अंगाचा बर्फ इतका पातळ झाला की गावातली मांजरंसुद्धा त्याच्यावरून जपून चालू लागली.

लिफ्टचे खांब माझ्या दिवंगत नवऱ्यानं, शिगेओनं, आणि गावातल्या पुरुषांनी मिळून उभे केले. पुढे एक काळ असा आला की तोक्योहून रात्रीच्या बसगाड्या भरून माणसं यायची, खोल्या पुरायच्या नाहीत म्हणून ओसरीत झोपायची आणि सकाळी ‘किती सुंदर अनुभव’ म्हणून पाया पडल्यासारखी वाकून जायची. मग तो काळ गेला. तो जाताना कुणाला सांगून गेला नाही. गावानं लिफ्ट तोक्योच्या एका कंपनीला विकून टाकली, आणि गेल्या शरदात त्या कंपनीचं पत्र आलं.

पत्र अत्यंत सभ्य होतं. पहिल्या परिच्छेदात थंडीची चौकशी. दुसऱ्यात आमच्या गावच्या निसर्गाचं कौतुक. तिसऱ्यात असं, की येत्या हंगामात लिफ्ट एकशेतीस दिवस चालली नाही तर उन्हाळ्यात खांब उपटून नेण्यात येतील. दिवस कशाला म्हणायचं हेही कळवलं होतं. वरच्या टोकापासून लिफ्टच्या पायथ्यापर्यंत माणूस पायातल्या स्की न काढता येऊ शकला, तर तो दिवस. मध्ये स्की खांद्यावर घ्याव्या लागल्या तर तो दिवस नव्हे. सत्तावीस डिसेंबरपासून एकशेतिसावा दिवस येतो पाच मे. मुलांचा सण, मोठ्या सुट्टीचा शेवट. मध्ये एकही दिवस सुटून चालणार नव्हतं.

लिफ्टचा कारभार माझा मुलगा नोबुहिरो बघतो. लिफ्ट गेली तर लॉज जाणार, आणि नोबुहिरो त्रेपन्नाव्या वर्षी कुठल्यातरी शहरात गोदामाच्या दारावर शिट्टी घेऊन उभा राहणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. आम्ही ते एकमेकांना सांगितलं नाही. आमच्या घरात जेवताना हवामानावरच बोलतात.

आता गावातल्या तोकुजीच्या भातशेताबद्दल सांगायला हवं. उताराचा शेवटचा तुकडा म्हणजे ते शेत. वरून येणारा प्रत्येक माणूस ते ओलांडूनच लिफ्टपाशी पोहोचतो, दुसरी वाट नाही. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा शिगेओ आणि तोकुजी आमच्या चुलीपाशी बसले, साकेची मोठी बाटली संपवली आणि त्यांनी करार लिहिला. अक्षर शिगेओचं होतं, म्हणजे वाईट होतं. पहिल्या बर्फापासून आजोबांचा पाय टेकेपर्यंत शेत स्कीवाल्यांचं. पाय टेकला की दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून शेत तोकुजीचं. मी म्हटलं, तारीख लिहा. दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सूर्य उगवायची वेळ लिहायला सांगितली. ‘तारीख कशाला? डोंगर समोर आहे की.’

डोंगर समोर आहे, हे खरं. काकुमा डोंगरावरचा बर्फ उतरायला लागला की त्याच्या छातीवरचे काळे खडक आणि खुरटा बांबू उघडा पडत जातो, आणि त्या काळ्या आकृतीतून पेरणीचे आजोबा उभे राहतात. आधी टोपी, मग वाकलेली पाठ, मग कमरेची टोपली. सगळ्यात शेवटी पाय. पाय टेकला की शेत नांगरायचं आणि भाताचं बी भिजत घालायचं. आता शेतकी सोसायटी छापील तक्ते वाटते, पाण्याचं तापमान रोज फोनवर येतं. माणसं तो फोन हातात धरून मान वर करतात आणि डोंगराकडे बघतात. पूर्वी आजोबा दहा मेच्या आसपास पाय टेकायचे आणि लिफ्ट त्याच्या आधीच बंद झालेली असायची, त्यामुळे त्या करारावरून कधी कुणी कुणाशी भांडलं नाही. भांडायला दुसरी कारणं भरपूर होती.

तेवीस एप्रिलला नोबुहिरो स्वयंपाकघरात येऊन बसला.

“आई, तोकुकाकांच्या शेतात बर्फ किती उरलाय?”

“फळा मीच लिहिते. मला काय विचारतोस?”

“वीतभर.”

“मी ‘पुरेसा’ लिहिलंय.”

“अजून बारा दिवस काढायचेत.” त्यानं कपाळ टेबलावर ठेवलं. “बाबांनी त्या शर्यतीच्या वर्षी बर्फ कुठून आणला होता गं?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जुनं काही विचारलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. ते वर्षही असंच कोरडं होतं, जिल्ह्याच्या शर्यती आमच्याकडे ठरलेल्या, आणि वीस माणसांनी दोन दिवस पाठीवरच्या टोपल्यांतून बर्फ वाहून आणला होता. दर खेपेला शिगेओ गाणं म्हणायचा आणि दर खेपेला तोकुजी त्याला गप्प बस म्हणायचा. हे सगळं मी रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “आजोबांच्या अंगरख्याखालची घळ आहे ना, तिथून. वरच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर. तिथे उन्हाळ्यापर्यंत बर्फ असतो.”

नोबुहिरोनं डोकं वर केलं. “यंत्रानं तीन पहाटांत होईल.”

“अंगरखा जरा लांब होईल.”

“होऊ दे. आजोबांकडे हल्ली बघतं कोण?”

असं तोच म्हणू शकतो जो स्वतः रोज दात घासताना खिडकीतून आजोबांकडे बघतो.

तीन दिवस पहाटे साडेचारला बर्फ ढकलायचं यंत्र डोंगरावर गेलं. सकाळी काकुमावर दहापर्यंत ढग असतात, म्हणून दिसलं कुणालाच नाही आणि ऐकलं सगळ्या गावानं. कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे एखादी गोष्ट कुणी विचारत नसेल तर समजावं, ती सर्वांना ठाऊक झाली. दुकानात मला एरवी दोन माणसं ‘थंडी आहे ना’ म्हणायची, त्या आठवड्यात सात जण म्हणाले. पण शेतातला बर्फ गुडघाभर झाला. सव्वीस तारखेला मी फळ्यावर ‘बर्फ मुबलक’ असं लिहिलं आणि तो शब्द तीन आठवड्यांनी भेटल्यामुळे खडू जरा जोरातच टेकवला.

सत्तावीसला दहा वाजता ढग वर गेले. मी गाद्या उन्हात घालत होते. मान वर केली तर टोपी, पाठ, टोपली आणि पाय. पाय टेकलेला. घळीतला बर्फ इतका खरवडला गेला होता की खालचा खडक काळा ठिक्कर उघडा पडला होता.

म्हणजे आम्ही काय केलं, ते नीट ऐका. शेतातला बर्फ टिकावा म्हणून आम्ही डोंगरावरचा बर्फ आणला, आणि तो आणल्यामुळे शेत आमच्या हातातून गेलं. असला उद्योग करायला मोठ्या शहरातून तज्ज्ञ बोलवावे लागतात. आम्ही घरच्या घरी केला.

अकरा वाजता तोकुजी आला. वय चौऱ्याऐंशी, पाठ जवळजवळ आजोबांसारखीच, आणि बगलेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्या डब्यात काय आहे ते मला माहीत होतं.

“हात्सुए, चहा नको. कामासाठी आलोय.”

मी चहा टाकला. त्यानं डबा उघडला, करार काढला, टेबलावर पसरला, आणि चष्मा न लावता पाठ म्हणून दाखवला.

“तोकुकाका,” नोबुहिरो म्हणाला, “यंदा जरा पाच तारखेपर्यंत जर…”

“मला कशाला सांगतोस? आजोबांना सांग. पाय त्यांनी टेकलाय.”

“हल्ली हवाच विचित्र झालीय.”

“हवा, होय.” तोकुजीनं चहा प्यायला, कप पालथा घालून ठेवला. “उद्या उजाडलं की ट्रॅक्टर आणतो. बी आजच भिजत घालतो. काय सुंदर पाय टेकलाय. इतका स्वच्छ मी आजवर बघितला नव्हता.”

तो गेल्यावर मी तो पालथा कप सरळ केला.

“त्यानं आज बी भिजवलं तर आठवड्यानं ते वाफ्यात पडेल,” मी म्हटलं. “आणि मेच्या पहिल्या आठवड्यात इथे दहिवर गोठतं. सगळं कुजेल.”

गावात उघड्या वाफ्यात रोपं करणारा तोकुजी एकटाच उरलाय. बाकीचे प्लास्टिकच्या मांडवात करतात. त्याची मुलगी दर फोनला विचारते, ‘बाबा, आता पुरे ना?’ यंदाची रोपं गेली असती तर तिला पुन्हा विचारावं लागलं नसतं.

“जाऊन सांगते,” मी म्हटलं.

“काय सांगशील? तो पाय आजोबांचा नाही, माझ्या यंत्राचा आहे म्हणून? सगळ्या गावात होईल, आजोबांचा बर्फ यांनी चोरला.”

“नाही सांगितलं तर उद्या शेत जातंय.”

“सांगितलं तरी जाईल. रागानं देईल का तो? निदान गप्प बसलो तर अब्रू तरी राहते.”

“लिफ्ट नाही, लॉज नाही, आणि अब्रू,” मी म्हटलं. “तिला कुठल्या खोलीत ठेवू?”

तो उठून बाहेर गेला. रागावला की तो लिफ्टच्या खुर्च्या पुसतो. त्या दुपारी सगळ्या खुर्च्या लखलखीत झाल्या.

मी बांबूच्या पानात बांधलेले तांदळाचे गोड गोळे घेतले आणि चार वाजता तोकुजीकडे गेले. तो अंगणाकडे तोंड करून पायरीवर बसला होता, नेच्याचे कोंब निवडत. बाजूला बी भिजवायचं लाकडी पिंप पालथं पडलं होतं आणि त्याच्यावर मांजर झोपलं होतं. मी ते बघितलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण डोकं पाठ केलेल्या वाक्यांनी भरलं होतं. मी वाकले, आणि वाकलेलीच सगळं बोलून टाकलं. घळ मी दाखवली. यंत्र नोबुहिरोनं नेलं. तीन पहाटा. पाय खोटा आहे. बी भिजवू नका, दहिवर अजून पडायचंय. आणि उद्या ट्रॅक्टर आणायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तोकुजीनं दोन-तीन कोंब निवडले.

“झालं?”

“झालं.”

“सरळ हो. तुझी कंबर धरली तर उचलून न्यायला माझ्याकडे यंत्र नाही.”

मी सरळ झाले.

“हात्सुए, आजोबा आधी कुठला पाय टेकतात?”

मी सत्तावन्न वसंत आजोबांकडे बघितलंय. मला सांगता येईना.

“डावा,” तो म्हणाला. “आधी डावा, आणि मग आठवड्यानं उजवा. उजवा घळीत आहे, तिथला बर्फ उशिरा जातो. माझ्या आठवणीत म्हाताऱ्यानं कधी उजवा आधी टेकला नाही. सकाळी बघितलं तर उजवा. म्हटलं, लंगडायला लागला की काय.”

मग मला ते पालथं पिंप दिसलं. म्हणजे कळलं.

“तुम्हाला माहीत होतं! मग तो डबा घेऊन सकाळी…”

“करारात पाय लिहिलाय. कुठला ते लिहिलेलं नाही. शिगेओनं लिहिला ना, त्याला प्रत्येक काम अर्धवट ठेवायची सवय.”

“माझ्या नवऱ्याला मध्ये आणू नका.”

“मध्ये तोच आहे. त्याच्या खांबांचे खड्डे मी खणलेत. तिसऱ्या खांबाला खडक लागला तेव्हा हा वर बसून गाणी म्हणत होता.” तोकुजीनं एक गोळा सोडून तोंडात टाकला. “गोड कमी झालंय.”

“तुम्हाला साखर वर्ज्य आहे.”

“म्हणूनच कळलं. आणि तो कुठाय?”

“घरी. मी त्याला न सांगता आलेय.”

“तेच म्हणतोय. त्रेपन्न वर्षांचा घोडा झाला, अजून आई पुढे जाते. त्याला पाठव. आणि मोकळ्या हातानं पाठव, हे गोड नको.”

नोबुहिरो गेला. तासाभरानं परतला तेव्हा त्याच्या दोन्ही गुडघ्यांना ओली माती लागली होती. फक्त म्हणाला, “वरचा बर्फ आता आणायचा नाही. एक मूठही नाही. डावा पाय टेकेपर्यंत शेत आपलं.”

दुसऱ्या दिवसापासून हवेनं आमच्यावर विशेष प्रेम सुरू केलं. जूनसारखं ऊन, त्याच्यावर एक रात्र कोमट पाऊस. शेतातला गुडघाभर बर्फ घोट्यावर आला. तीस तारखेला सकाळी दुकानदारीणबाई ढकलगाडीत बर्फ घेऊन आली, देवळाच्या उत्तरेच्या भिंतीमागचा. “आमच्याकडे जागा अडतेय,” म्हणाली आणि शेतात ओतून गेली. मग दुसरं कुणी आलं, मग तिसरं. मुळे आणि कोबी ठेवायच्या बर्फाच्या कोठारातलाही आला, त्यात मुळ्याची पानं होती. सगळ्यांचीच अचानक जागा अडायला लागली होती. यंत्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण ओतताना प्रत्येकानं एकदा डोंगराकडे आणि एकदा नोबुहिरोकडे बघितलं. तो दरवेळी वाकत होता. त्या सहा दिवसांत तो जितका वाकला तितका लग्नातही वाकला नव्हता.

स्की करणारे तरीही येतच होते. मिझुकामी नावाचे एक निवृत्त दंतवैद्य दर वर्षी सुट्टीत आमच्याकडे येतात. मुळ्याच्या पानांवरून घसरत खाली आले आणि म्हणाले, “आहा, असा बर्फ दुसरीकडे कुठे मिळत नाही.” खरंच मिळत नाही. दुसरीकडे असा बर्फ दिसला की लिफ्ट बंद करतात.

तोकुजीनं एक मेपासून शेताच्या बांधावर घडीची खुर्ची टाकली. गळ्यात दुर्बीण. सकाळी आठ ते चार तो काकुमाकडे बघत बसायचा. मी जेवायचा डबा नेऊन द्यायची, तो मीठ जास्त झालं म्हणून सांगायचा.

तीन मेला दुपारी मी पुन्हा गाद्या वाळत घालत होते. डोंगर एखाद्या धुतलेल्या वाडग्यासारखा स्वच्छ. आणि आजोबांचा डावा पाय टेकला होता. आमच्या खोडसाळपणामुळे शेजारचा बर्फ गेला होता, उघडा खडक तापला होता, त्यामुळे डाव्यानंही घाई केली असावी. अजून दोन दिवस हवे होते.

मी बांधाकडे बघितलं. दुर्बीण नेमकी त्या पायावर लागलेली.

मी चहा घेऊन खाली गेले. कप त्याच्या हातात देईपर्यंत चार-पाच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही.

“काय दिसतंय, तोकुसान?”

“काही नाही. धूळ आहे.”

“कसली धूळ?”

“चीनकडची. वसंतात येते की दर वर्षी.”

“मला काकुमावरचं झुडूपन् झुडूप दिसतंय.”

“मग डोळे तपासून घे. या वयात नसलेलं दिसायला लागतं.”

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

“उद्याही राहील धूळ?”

“परवापर्यंत राहील. लिफ्ट किती वाजता बंद होते?”

“चारला.”

“हां,” तो म्हणाला. “तेवढीच.”

आणि त्यानं दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली, ती थेट त्या पायावर.

चार तारीख गेली. पाच तारखेला दुपारी कंपनीचे ओनोदेरासान आले. वय तीस असेल. बारीक तळव्याचे काळे चकचकीत बूट घालून आले होते, आणि शेतापर्यंत यायच्या आत त्यांच्या मोज्यांतून पाणी वाजायला लागलं होतं. शेवटची फेरी स्वतः बघून फोटो काढायचा, हे त्यांचं काम. बांधावर गावातली दहा-अकरा माणसं जमली होती, कुणीही मुद्दाम आलेलं नव्हतं, सगळे सहज तिथून चालले होते.

ओनोदेरासान सभ्य माणूस. पत्रातल्यासारखेच आधी थंडीबद्दल बोलले, मग निसर्गाकडे वळले.

“अरे वा, समोर ते अगदी माणसासारखं दिसतंय. टोपली घेतलेला माणूस. दोन्ही पाय सुद्धा आहेत.”

नोबुहिरो वर निघायला लिफ्टच्या खुर्चीत बसत होता, तो तसाच अर्धवट थांबला.

तोकुजीनं दुर्बीण खाली घेतली. “कुठे?”

“तिथे. टोपलीच्या खाली.”

“तुम्ही तोक्योचे ना?”

“हो.”

“तरीच. तिकडे घरांच्या गर्दीत राहून माणसाला मोकळ्या जागी काहीबाही दिसतं. आज धूळ आहे. डोंगर दिसतच नाहीये.”

ओनोदेरासाननं आकाशाकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे त्या लख्ख डोंगराकडे बघत होतो. “फार धूळ,” दुकानदारीणबाई म्हणाली. “यंदा जास्तच,” आणखी कुणी म्हणालं. मिझुकामी दंतवैद्य तर खोकलेसुद्धा.

“असं होय,” ओनोदेरासान म्हणाले. बहुधा त्यांचे पाय फार गार पडले होते.

पावणेचारला नोबुहिरो वरून निघाला. उतारावर ठीक होतं. शेतात मात्र बर्फाची पट्टी दाराएवढी रुंद उरली होती, करडी, मध्ये मुळ्याची पानं आणि देवळामागच्या पाइनच्या सुया. माझ्या मुलाला मी तो दोन वर्षांचा असल्यापासून स्की करताना बघितलंय. इतका हळू आणि इतका काळजीपूर्वक तो कधी आला नव्हता. जणू कुणाच्या अंथरुणावरून चालला होता. लिफ्टपासून दहा पावलांवर पट्टी तुटली होती. तिथे स्कीखाली खर्रकन आवाज झाला, तो पुढे झोकला गेला, सावरला, आणि पायथ्याच्या बर्फावर येऊन थांबला. स्की पायातच होत्या.

“मधलं ते,” ओनोदेरासाननं विचारलं, “बर्फच होता ना?”

“हंगामाच्या शेवटी त्याचा रंग असाच असतो,” मी म्हटलं. हे वाक्य फळ्यावर मी कित्येकदा लिहिलंय, त्यामुळे न अडखळता आलं.

“चांगल्या प्रतीचा आहे,” तोकुजी म्हणाला. “माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचा.”

ओनोदेरासाननं फोटो काढला, वहीत एकशेतीस लिहिलं आणि मला वाकून विचारलं, मोजे वाळवायला कुठे जागा आहे का. बूट वाळवायची आमची खोली त्या दिवशी पूर्ण रिकामी होती. मी स्टोव्ह लावून दिला.

चारला लिफ्ट थांबली. तोकुजीनं दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ बघितलं, काच बाहीनं पुसली, पुन्हा बघितलं.

“अरे,” म्हणाला, “टेकला की पाय.”

आणि खुर्चीची घडी केली. ट्रॅक्टर कुंपणापलीकडेच उभा होता. उरलेली पट्टी त्यानं अंधार पडायच्या आत नांगरून टाकली, मुळ्याच्या पानांसकट.

उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात उकाड्याची चौकशी, दुसऱ्यात आमच्या गावच्या स्वच्छ हवेचं कौतुक, तिसऱ्यात असं की खांब आणखी एक हिवाळा राहतील, पुढचं पुढे बघू. नोबुहिरो ते पत्र घेऊन तोकुजीकडे गेला. येताना नवा करार लिहून आणला. अक्षर शिगेओपेक्षा बरं आहे. ‘पाय’ च्या आधी ‘डावा’ घातलाय, आणि खाली तोकुजीनं स्वतःच्या हातानं एक कलम वाढवलंय, की धूळ आहे की नाही हे तोकुजी ठरवेल.

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?” मी त्याला नंतर विचारलं.

“तेव्हा तू ठरव. खोटं न लिहिता लिहायची तुला सवय आहे.”

ऑक्टोबरात एका सकाळी फळा पुसायला दार उघडलं तर उंबऱ्यापाशी नव्या तांदळाचं पोतं होतं. तोंडाला सुतळीनं कागद बांधलेला. त्याच्यावर तोकुजीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दोन दिवस उशिराचा.’

मी तो त्याच संध्याकाळी शिजवला. काही फरक कळला नाही, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही. थोडा कडक वाटतो, असं कळवलंय.